तुती म्हणून बांधलेली मोळी

वखारीत लाकूड आलं की ते आधी अक्काच्या हाताखालून जायचं आणि मगच काट्यावर चढायचं. हा नियम तिच्या वडिलांनी घालून दिलेला, आणि वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी तो मोडायची कुणाची छाती नव्हती. गाडीवाला दोर सोडून गुपचूप बाजूला उभा राहायचा. अक्का बाह्या वर सारायची, ढिगात हात घालायची आणि मान दुसरीकडेच ठेवून बोलायला लागायची.

"वर बाभूळ, खाली निलगिरी. आणि मधे हे काय कोंबलंस? शेवगा? शेवग्यानं कधी भट्टी तापते का रे बाबा? त्यापेक्षा मला रद्दी आणून दे, निदान वाचून तरी होईल."

गाडीवाले हसायचे, पण ओशाळून. अक्काला फसवता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी दर दोन-तीन महिन्यांनी एखादा नवा गडी प्रयत्न करून बघायचाच.

तिला साल कळायची. बाभळीची काळी, उभ्या भेगांची, बोटाचं पेर आत जाईल इतकी खोल. निलगिरीची कागदासारखी लांब पट्ट्यांनी सुटणारी. सुरूची खरखरीत, आणि काडी मोडली तर सांध्यासांध्यानं तुटणारी. तुतीच्या सालीवर पुरळ उठल्यासारखे बारीक ठिपके, आणि चिरली की आत पिवळाधमक गाभा. जिथे सालीवरून उलगडा व्हायचा नाही, तिथे ती बारीक फांदी उचलायची. "पान गळून जातं, पण बसायची जागा ठेवून जातं," असं वडील तिला सांगायचे. त्या जागा एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत, की तिघी मिळून कडं करून बसल्यात, एवढं अंगठ्यानं चाचपलं की झाडानं आपणहून नाव सांगितल्यासारखंच.

हे सगळं ती सात-आठ वर्षांची असताना शिकली. वडील तिला वखारीच्या दाराशी उभं करायचे, "हात मागे" म्हणायचे आणि मागच्या हातात एकेक तुकडा ठेवत जायचे. चुकली की तुकडा परत, बरोबर आली की पुढचा. कण्हेर मात्र त्यांनी एकदाच दिली आणि लगेच काढून घेतली, तिचे हात स्वतः धुतले. "तीन-तीनची कडी आहेत ना? ही ओळखून ठेव. ही आपल्या वखारीत पाय ठेवणार नाही. हिचा धूरही वाईट आणि रसही वाईट."

तिचा भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. घरीदारी त्याला धाकटा म्हणायचे, आणि पंचेचाळिशी उलटून कानाशी केस पांढरे झाले तरी तो धाकटाच राहिला होता. त्याला लाकडातलं ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणी एकदा सालीखालून विंचू निघाला, तेव्हापासून त्यानं ढिगात हात घालायचा सोडला तो सोडलाच. बोलायला मात्र गोड. गिऱ्हाईक आणणं, गाड्या ठरवणं, वसुली करणं हे त्याचं काम, पारख अक्काची. अक्काचा नवरा ट्रक घेऊन गेला तो परत आला नाही, आणि चार वर्षांत ती पेटीसकट माहेरी आली, तेव्हा धाकट्यानं एका शब्दानं काही विचारलं नव्हतं. तिची पेटी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती, एवढंच. अक्काच्या मनात ते कायमचं राहिलं.

वखारीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची बेकरी. तिथली जुनी विटांची भट्टी रोज सुरू आणि बाभूळ खायची. भट्टी सांभाळणारा माणूस किडकिडीत, उंच, कायम घामानं निथळलेला. डॉक्टरांनी दम भरल्यावर त्यानं विडी सोडली होती, पण तोंडाला चाळा हवा म्हणून सतत एखादी काडी दाताखाली धरायचा. त्यामुळे त्याचं नावच काडीभाऊ पडलं. सुरुवातीला तो हाताला येईल ती काडी चावायचा. अक्कानं एकदा ते पाहिलं आणि त्याच्या तोंडातून काडी ओढून काढली.

"अहो, हे काय चावताय? शेळीसुद्धा आधी वास घेते!"

"मग तुम्हीच द्या निवडून."

तेव्हापासून बेकरीला गाडी गेली की तिच्याबरोबर तुतीच्या काड्यांची एक मूठभर जुडी जायची, जुन्या कापडाच्या चिंधीनं बांधलेली. अक्का ती स्वतः निवडायची, स्वतः बांधायची. काडीभाऊ रस्त्यात भेटला की हात वर करून जुडी दाखवायचा. त्या दोघांच्यात याहून जास्त बोलणं कधी झालं नाही. पण अक्काच्या दिवसात त्या जुडीला जागा होती.

एका वर्षी थंडीत अक्का सकाळी चहाचं पातेलं उतरवत होती. करपल्याचा वास आला म्हणून तिनं शेगडीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि शेवटी आपल्या हाताकडे. दोन बोटांची कातडी पांढरी पडून वर आली होती. दुखलं कसं नाही, याचाच ती विचार करत राहिली.

मग तिच्या ध्यानात एकेक गोष्ट येऊ लागली. सुईत दोरा ओवताना सुई बोटात आहे की खाली पडली हे बघावं लागायचं. गुंड्या लावताना आरशासमोर उभं राहावं लागायचं. साल हातात घेतली की पूर्वी ती बोलायची. आता जाड हातमोजा घालून धरल्यासारखं वाटायचं. साखरेचा आजार तिला पाच वर्षांपासून होताच, गोळ्या कधी घ्यायची, कधी विसरायची. डॉक्टरकडे जाऊन हे सांगावं असं तिला एकदा वाटलं. पण डॉक्टर म्हणाला असता, बोटं गेली. आणि बोटं गेली तर आपलं उरतं काय? घर भावाचं, वखार भावाच्या नावावर, संसार टिकला नाही. आपली म्हणून ही दहा बोटंच तर होती.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. डोळ्यांनी आणि नाकानं काम भागवायला लागली. मान दुसरीकडे ठेवून बोलायची सवय तिनं सोडली. आता ती तुकडा उजेडात धरायची, वास घ्यायची. गाडीवाल्यांना वाटलं, अक्का वयामुळे जरा सावकाश झाली. वर्षभर एकही चूक झाली नाही. तिला वाटायला लागलं, निभावलं.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि तिला सडकून सर्दी झाली होती. दुपार कलल्यावर धाकटा एक टेम्पो घेऊन आला. लाकूड हातभर लांबीचं तोडलेलं, मनगटाएवढं जाड, चिखलानं माखलेलं. वर बारीक फांद्यांचे भारे.

"कुठलं रे?" अक्कानं विचारलं.

धाकटा दोर सोडत होता. त्यानं वर न बघताच सांगितलं, "तुतीची बाग तोडली कुणीतरी. रेशमाचा धंदा बुडाला म्हणे."

ते खोटं होतं. मोठ्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, आणि मधल्या पट्ट्यातली सगळी झुडपं मुळासकट काढून ठेकेदारानं कडेला टाकली होती, त्यांची पानंही झडून गेली होती. 'उचल आणि ने' म्हणाला, म्हणून धाकट्यानं उचललं. रस्त्याचं लाकूड म्हटलं की अक्का शंभर प्रश्न विचारते, अर्धं बाजूला काढते, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं बाग म्हटलं. एवढाच त्याचा विचार होता. त्यात काय आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं.

अक्कानं एक तुकडा उचलला. करडी, बऱ्यापैकी गुळगुळीत साल, वर चिखल. वास घेतला, नाक बंद. भाऱ्यातली फांदी घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवला. काही तरी टोचलं, काही तरी नाही. एक खूण लागल्यासारखी वाटली, पुढे दुसरी. कानात तुतीची बाग हा शब्द होता आणि अंगठ्यानं होकार दिल्यासारखं केलं. एक तुकडा फोडून गाभा बघावा असं तिच्या मनात आलं. पण अंगात कणकण होती, आणि पाऊस येण्याआधी माल छपराखाली न्यायचा होता.

तिनं ढिगाच्या फळीवर खडूनं 'तु' लिहिलं. मग भाऱ्यातल्या सरळ सरळ काड्या निवडून एक जुडी केली, चिंधीनं बांधली आणि बेकरीच्या मालावर ठेवली.

बेकरीत तो माल दुसऱ्या दिवशी पेटला. त्याच दिवशी पीठ मळणाऱ्या दोघांचे डोळे चुरचुरायला लागले, डोकी ठणकली. ओलं लाकूड आहे, असं म्हणून त्यांनी खिडक्या उघडल्या. काडीभाऊ भट्टीच्या तोंडाशी बसलेला, दाताखाली काडी. मालकानं विचारलं, "आज तोंड का वाकडं?"

"काडी कडू लागतेय. असू दे. अक्कानं दिलीय म्हणजे औषधी असणार."

पुढच्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. दिव्यांभोवती पिवळी कडी दिसतात म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. ठोके मोजताना मधेच हरवत होते. धुरानं आजारी पडलेले बाकीचे चौघं दोन दिवसांत उठून बसले. काडीभाऊ उठला नाही. त्याची बायको इस्पितळाच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा आतून कंपाउंडर आला आणि डब्याकडे बघतच तिच्याशी बोलला.

अक्काला ही बातमी दूधवाल्याकडून कळली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बिचाऱ्याचं काळीज विडीनं आधीच खाल्लेलं असणार. मग दूधवाला म्हणाला, "लाकडाचा धूर लागला म्हणतात." अक्का हातातलं भांडं घेऊन तशीच वखारीत गेली. छपराखाली त्या मालाचे पाच-सहा तुकडे उरले होते. ढिगावरची फळी कोरी होती, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. तिला वाटलं, पावसाचं पाणी आलं असेल.

ती तुकड्याला हात लावणार, तोच पोलीस आले. त्यांच्याबरोबर चौकशी अधिकारी, चष्मेवाला, मऊ बोलणारा. भट्टीतून काढलेली अर्धवट जळालेली लाकडं त्यानं पोत्यात आणली होती.

"अक्का, तुमचं नाव फार ऐकलंय," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते आम्ही लिहून घेऊ. हे लाकूड कसलं?"

अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. धाकटा दाराशी उभा होता. अक्कानं चिखल खरवडला, कोयत्यानं तुकडा उभा फोडला. गाभा पिवळा नव्हता. फिकट, पांढुरका होता. मग तिनं एक फांदी घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. पानांच्या जागा एकाआड एक नव्हत्या. तीन, आणि मग थोडं अंतर, आणि पुन्हा तीन.

ती ओंडक्यावर बसली.

"कण्हेर," ती म्हणाली.

"खात्री?"

"लहान पोरालाही दिसेल." आणि तिचा स्वर इतका वेगळा आला की अधिकाऱ्यानं लिहायचं थांबवून वर पाहिलं.

"तुमच्या हातून हा माल गेला होता का?"

अक्कानं तोंड उघडलं, पण धाकटा आधी बोलला. "नाही साहेब. ती तापानं पडली होती. मी परस्पर रस्त्यावरून आणला आणि परस्पर पाठवला. तिला दाखवलाच नाही."

अधिकाऱ्याला हे पटायला वेळ लागला नाही. सगळ्या गावाला पटलं. धाकट्याला लाकडातलं कळत नाही हे कोण जाणत नव्हतं? त्याला नेताना अक्का मागे धावली, "अरे, मी पाहिला होता, मी खूण केली होती!" म्हणाली. शेजारणींनी तिला धरून आत आणलं, पाणी पाजलं. भावासाठी जीव तुटतोय बिचारीचा, असं त्या आपसात म्हणाल्या.

फळी कुणी पुसली ते तिला तेव्हा कळलं.

खटला एका दुपारीत उरकला, कारण धाकट्यानं सगळं कबूल केलं होतं. कोर्टाची खोली छोटी, वर पंखा कुरकुरत होता. अक्का हट्टानं साक्षीला उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी तिला शांतपणे ऐकून घेतलं.

"माल मी तपासला," अक्का म्हणाली. "तुती म्हणून खूण मी केली. काड्यांची जुडी मी बांधली."

सरकारी वकील उठला. "खूण कुठे आहे?"

"पुसली."

"कुणी?"

अक्कानं धाकट्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"अक्का, जुडी तर तुम्ही कायमच बांधता, गावाला ठाऊक आहे. या वेळची तुमच्या भावानं बांधली असं तो सांगतो. तुम्ही चाळीस वर्षं लाकूड ओळखता. तुमच्यासारखी बाई कण्हेरीला तुती म्हणेल?"

"माझी बोटं गेलीत, साहेब. त्यांना काही कळत नाही आता."

कोर्टात कुजबुज झाली. वकिलानं पुराव्याच्या पोत्यातून एक काडी काढली आणि म्हणाला, "हात मागे करा."

आयुष्यात हे शब्द तिला फक्त एका माणसानं म्हटले होते. तिनं हात मागे केले. वकिलानं काडी हातात ठेवली. ठेवली असावी, कारण त्याचा हात मोकळा परत आला. अक्कानं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"नाही सांगता येत."

"चौकशी अधिकाऱ्यांना तर क्षणात सांगितलंत."

"तेव्हा उजेड होता. डोळ्यांनी सांगितलं."

वकील हसला नाही, उलट त्याचा आवाज मऊ झाला, आणि तेच वाईट होतं. "तुमच्या जागी माझी बहीण असती, तर तिनंही हेच केलं असतं," तो म्हणाला आणि खाली बसला.

न्यायाधीशबाईंनी धाकट्याला विचारलं, काही सांगायचंय का. तो उठला. "अक्का खोटं बोलतेय, बाई. आयुष्यात पहिल्यांदाच बोलतेय, म्हणून तिला नीट जमत नाहीये." मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली.

अक्का नंतर डॉक्टरकडे गेली. त्यानं तिच्या बोटांना सुया टोचून पाहिल्या, मान हलवली आणि कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन ती धाकट्याच्या वकिलाकडे गेली. त्यानं वाचला, घडी घातली आणि परत दिला. "त्यानं कबूल केलंय, अक्का. आणि या कागदावर तारीख नंतरची आहे. राहू द्या."

तुरुंगातल्या भेटीत जाळीपलीकडे धाकटा बसायचा. पहिल्या भेटीत अक्का त्याला नुसती रागावली.

"कुणी सांगितलं होतं तुला फळी पुसायला?"

"आणि बाग कुणी म्हटलं होतं?" तो म्हणाला. "तू विचारलंस, कुठलं. मी रस्त्याचं म्हटलं असतं तर तू प्रत्येक काडी फोडून पाहिली असतीस. बरोबर ना? मग झालं तर."

"मी एक तुकडा फोडला असता तरी भागलं असतं."

"तुला ताप होता."

"ताप नव्हता. बोटं गेली होती, आणि मी लपवलं होतं."

धाकट्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "मला सांगायचं होतंस."

"तुला सांगून काय झालं असतं?"

"तुझ्या शेजारी उभा राहून मी बघितलं असतं ना," तो म्हणाला. "विंचवाची भीती आहे मला, काडीची नाही."

शिपायानं वेळ संपली म्हटल्यावर दोघं एकदमच उठले.

गावात अक्काचा मान वाढला. हे तिला सगळ्यात जड गेलं. बाजारात लोक तिला रांगेत पुढे करायचे. बेकरीच्या मालकानं स्वतः येऊन हात जोडले, म्हणाला, तुमच्या हातून माल आला असता तर हे घडलं नसतं. ती त्याला सांगू लागली की माल माझ्याच हातून आला होता. तो ऐकून घेऊन मान डोलवत राहिला, आजारी माणसापुढे डोलवतात तशी. दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं सांगणं सोडलं. वखारीला कुलूप लागलं.

काडीभाऊच्या बायकोकडे जायला तिला पाच महिने लागले. घर एका खोलीचं, बेकरीच्या मागच्या बोळात. बाई दारात बसून कुणाच्या तरी शर्टाला काज करत होती. अक्काला पाहून तिनं सुई कापडात टोचून ठेवली आणि बसायला पाट सरकवला. अक्का बसली नाही.

"मला सांगायचंय," ती म्हणाली, "आणि तुम्ही तरी मला भावासाठी बोलतेय म्हणू नका. ती जुडी मी बांधली होती. माझ्या हातानं. मला दिसलं नाही, कळलं नाही, आणि कळत नाही हे मी वर्षभर लपवलं होतं."

बाईनं शर्ट मांडीवर सरळ केला.

"चिंधीची गाठ तुमची होती," ती म्हणाली. "दुहेरी, आत टोक खोचलेली. अशा कितीतरी चिंध्या आहेत घरात, ते टाकायचे नाहीत. इस्पितळातून कपडे मिळाले त्यात होती ती. मला त्याच दिवशी कळलं."

"मग कोर्टात का नाही बोललात?"

"तुमचा भाऊ आला होता. पकडायच्या आधी, सकाळीच. इथेच उभा होता, तुम्ही उभ्या आहात तिथे. म्हणाला, वहिनी, खोटं मी बोललो म्हणून हे झालं, अक्काचं नाव घेऊ नका. रडत होता." तिनं सुई पुन्हा हातात घेतली, पण टाका घातला नाही. "तो म्हणतो माझ्यामुळे. तुम्ही म्हणता माझ्यामुळे. दोघंही चांगली माणसं. मग मी कुणावर चिडायचं, अक्का? चिडायला तरी कुणी ठेवायचं होतंत मला."

अक्का वाकून बाईच्या पायाला हात लावायला गेली, तर बाईनं पाय आत ओढून घेतले.

"नको. आणि माफीही मागू नका. माफ केलं म्हटलं तर ते खरं नसेल, आणि नाही म्हटलं तर तुम्ही रोज याल." मग ती म्हणाली, "तुम्ही आलात, हे बरं केलंत. पण आता जा. परत येऊ नका."

अक्का बोळातून बाहेर आली. कोपऱ्यावरच्या नळाशी तिनं तोंड धुतलं. पाणी गार आहे की कोमट, हे तिला कळत नव्हतं. तरीही पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी खरं धरलं होतं, आणि घरी जाईपर्यंत ती रडत होती.

धाकटा चौदा महिन्यांनी सुटला. तुरुंगात त्याला खोकला जडला होता तो गेला नाही. बाहेर आल्यावर तो तीन वर्षं जगला. बेकरीनं गॅसची भट्टी घातली होती. वखारीची जागा एका टायरवाल्यानं भाड्यानं घेतली. बहीणभाऊ मागच्या खोलीत राहायचे. सकाळी अक्काच्या गुंड्या धाकटा लावून द्यायचा, आणि खोकल्याची उबळ आली की ती त्याची पाठ चोळायची. त्या दिवसाबद्दल दोघांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. काडीभाऊच्या बायकोनं पुढे घर बदललं, दुसऱ्या वस्तीत गेली असं कुणीतरी म्हणालं. कुठल्या, ते अक्कानं विचारलं नाही.